नसलेल्या नवऱ्याचं तिकीट

आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून आम्ही क्रूझला जायचं ठरवलं, आणि मी एकटीच जाऊन आले. हे वाक्य कुणापुढे टाकलं की समोरची बाई आवाज खाली आणून विचारते, "सगळं ठीक आहे ना गं?" सगळं ठीक आहे. ह्यांना बोट लागते, एवढंच.

नुसती बोट नाही, ह्यांना सगळंच लागतं. गाडी लागते, घाट लागतो, जत्रेतला उंच पाळणा खालून बघितला तरी लागतो. वरळीच्या तारांगणात डोक्यावरचं आकाश फिरायला लागलं तेव्हाही ह्यांना धरून बाहेर आणावं लागलं होतं. मूळ गाव विजयदुर्गाकडचं. लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावाला जायचे, त्यामुळे ह्यांनी कोकण किनारा पाहिलाय तो सगळा कठड्यावर ओणवं होऊन. त्यात सासूबाई प्रत्येक प्रवासाआधी 'रामदास' बोटीची गोष्ट सांगायच्या. १७ जुलै १९४७ ला ती रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. सासूबाईंच्या वडिलांनी म्हणे त्या दिवशी ऐनवेळी जाणं रद्द केलं होतं. कोकणात प्रत्येक घरात असे एक आजोबा आहेत.

मग अशा माणसाने क्रूझला हो म्हटलं कसं? माझ्या निवृत्तीच्या समारंभात, माईक हातात असताना. माईक हातात असला की माणूस काहीही कबूल करतो. पुढे व्हिसाच्या रांगेत उभे राहिले, तीस हजार युरोंचा प्रवास विमा काढला, नवी बॅगही घेतली. निघायला तीन आठवडे उरले आणि एका रात्री अंधारात आवाज आला, "मला नाही गं जमणार."

दुसऱ्या दिवशी मी एजंटला फोन केला. त्याने सांगितलेलं अर्थशास्त्र असं: क्रूझचं भाडं माणशी असतं, पण खोली दोघांची धरलेली असते. एक माणूस आला नाही, तर त्याचं भाडं उरलेल्या माणसाने भरायचं. परत मिळणार फक्त बंदराचा कर, कारण जो माणूस बंदरावर उतरलाच नाही त्याच्याकडून कर कसा घेणार? याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात. सप्लिमेंट म्हणजे आमच्या लेखी रविवारच्या पेपराबरोबर फुकट येते ती पुरवणी. ही पुरवणी मूळ अंकाच्याच किमतीची होती.

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. त्यातली शेवटची बारा वसुली विभागात. हे एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, झाले हे मी मान्य केलं, पण तारण माझ्या ताब्यात होतं: एक केबिन, दोन उशा, सात रात्री. ह्यांच्या नावाने भरलेला पैसा न् पैसा खाऊन, पिऊन, वापरून वसूल करायचा, असं ठरवून मी विमानात बसले.

बार्सिलोनात बंदराच्या तोंडाशी कोलंबसाचा खांब आहे. साठ मीटर उंच. वर उभा राहून हा माणूस १८८८ पासून समुद्राकडे बोट दाखवतोय. त्या बोटाच्या दिशेला अमेरिका नाही, हे नकाशा उघडणारा कुणीही सांगेल. पण भारतात यायला निघून भलतीकडे पोचलेल्या माणसाकडून दिशेची अपेक्षा तरी किती ठेवायची? माझ्यापुरतं त्याचं बरोबर होतं. त्याच्या बोटापलीकडे माझी बोट उभी होती.

बोट कसली, आमची अख्खी सोसायटी आडवी करावी आणि वर क्लब हाऊस ठेवून पाण्यात सोडावी, तसा प्रकार होता. साडेतीन हजार प्रवासी, सोळा मजले, आणि लिफ्टमध्ये बाराच्या वर थेट चौदा. तेराव्या मजल्याला भिणारी माणसं आपल्याला समुद्रात नेणार आहेत, ही बातमी मी ह्यांना कळवली नाही.

सुटण्याआधी सुरक्षेची कवायत असते. भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजला की आपापल्या ठिकाणी जमायचं. पूर्वी ही कवायत प्रवास सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी केली तरी चालायची. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाची क्रूझ बोट रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरातून निघाली आणि त्याच रात्री जिलिओ बेटापाशी खडकावर आपटली. बत्तीस माणसं गेली. चिवितावेक्कियाला चढलेल्या कित्येकांची कवायत दुसऱ्या दिवशी ठेवलेली होती. तेव्हापासून आधी कवायत, मग जहाज हलणार. माझी याला काहीच हरकत नव्हती. हरकत यंत्राची होती.

जमायच्या जागी एक पोरगी प्रत्येकाचं कार्ड त्या यंत्राला दाखवत होती. माझं दाखवल्यावर यंत्राने लाल दिवा लावला.

"मॅडम, तुमच्या केबिनमध्ये दोघं आहेत. तुमचे पती कुठे आहेत?"

"डोंबिवलीत."

तिने हातातला जहाजाचा नकाशा उलटसुलट केला. "ते कितव्या डेकवर येतं?"

तिचं चुकलं नव्हतं. एजंटने मला "रद्द करू नका, नुसतं येऊ नका म्हणावं, म्हणजे कागदपत्रं वाढणार नाहीत" असा सल्ला दिला होता. परिणामी ह्यांचं नाव यादीत होतं. पुढची दहा मिनिटं संपूर्ण जहाजावर ह्यांच्या नावाचा पुकारा होत राहिला. आमच्या आडनावात 'ळ' आहे. त्या 'ळ'चा दर वेळी वेगळा चुरा होत होता, आणि साडेतीन हजार माणसं, मोकळ्या हवेत, ऊन खात, विजयदुर्गच्या एका माणसाची वाट बघत होती. हे त्या वेळी आमच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, झोपले असणार.

केबिन उघडली तर दारावर फुगे. "लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा." बुकिंग करताना मीच तो चौकोन टिचकावला होता. पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले, मधे बदाम. दोन झगे, दोन जोड सपाता, दोन उशांवर दोन चॉकलेटं. मी ह्यांचा झगा अंगावर चढवला, ह्यांचं चॉकलेट खाल्लं आणि वसुलीला सुरुवात केली.

केबिनचं बघणारा मुलगा गोव्याचा निघाला, सासष्टीतला. गोव्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या जहाजावर जातात. तारवटी म्हणतात त्यांना. याचे वडील तारवटी, दोन्ही काका तारवटी. मी मराठी बोलल्यावर त्याचा चेहरा खुलला आणि त्याने मोडक्या मराठीत विचारलं, "अंकल खंय?" मी खरं काय ते सांगितलं. अख्ख्या जहाजावर खरं माहीत असलेला तो एकमेव माणूस, हे लक्षात ठेवा.

आता एकट्या माणसाचं खरं दुखणं सांगते. एकटेपणा वगैरे नाही. ताट.

बफेत तुम्ही ताट भरून टेबलाशी येता. दोन घास खाता. मग आठवतं, चहा राहिला. उठता, चहा घेता, परत येता. ताट नाही. टेबल लख्ख पुसलेलं, त्यावर नवा नॅपकिन, आणि तुमच्या खुर्चीत एक कॅनेडियन. जोडप्यांना हा त्रास कधीच होत नाही, कारण एक उठला तर दुसरा ताटावर बसून असतो. लग्नसंस्थेचा हा उपयोग मला पस्तीस वर्षांत कुणी सांगितला नव्हता. पहिल्या सकाळी मी तीन वेळा नाश्ता वाढून घेतला आणि पोटात गेलं ते एका अंड्याचं अर्धं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीचा उपाय केला. खिडकीतून रुमाल टाकून सीट धरलेली माणसं आपण. खुर्चीवर रुमाल टाकला. वेटरने तो घडी करून 'सापडलेल्या वस्तूं'च्या टेबलावर नेऊन दिला. वर स्विमिंग पूलकडे गेले तर पहाटे सहाला प्रत्येक आरामखुर्चीवर एकेक टॉवेल पसरलेला आणि माणूस एकही नाही. कळलं की ही जर्मन पद्धत आहे. त्यांच्या टॉवेलला कुणी हात लावत नव्हतं. म्हणजे कल्पना तीच, आपला रुमाल आकाराने कमी पडला.

दुसऱ्या रात्री स्पेनमधल्या पाल्माहून फ्रान्समधल्या मार्सेयकडे निघालो. तिथे लायन्सचं आखात लागतं, आणि उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा येतो. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंख असतात, ते डोलणं कमी करतात, असं माहितीपुस्तकात होतं. मी त्या संध्याकाळी वसुलीच्या भरात दोघांचं जेवण जेवले होते. रात्री साडेदहाला बाहेर पडले तर जिन्याच्या कठड्याला ठरावीक अंतरावर कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या. लग्नात हारतुरे लावावेत तशा, अगदी सुबक. मला वाटलं, काहीतरी कार्यक्रम आहे.

कार्यक्रम होता. त्याचं वर्णन करत नाही. दोघांचं जेवण एकट्याने परत करावं लागलं, एवढं नोंदवते. पहाटे गोव्याचा मुलगा हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं घेऊन आला. "किदें जालें, आंटी?" मी त्याला बजावलं की ही गोष्ट या केबिनच्या बाहेर जाता कामा नये, डोंबिवलीपर्यंत तर मुळीच नाही.

मार्सेयमध्ये मी बंदराजवळच्या एका बाकावर, जमीन स्थिर आहे याची खात्री करत, चार तास बसले. जहाजावरचं वाय-फाय दिवसाच्या हिशेबाने विकतचं, म्हणून घेतलं नव्हतं. बाकासमोरच्या कॅफेच्या फुकट वाय-फायवर फोन जोडला तर ह्यांचे अकरा मेसेज. पहिला: "पोचलीस का?" उरलेले दहा: "हिंग कुठे आहे?"

पुढचा मुक्काम इटलीतलं ला स्पेझिया, तिथून पिसा. मनोऱ्याचा पाया ११७३ ला घातला आणि तीन मजले चढेपर्यंत तो कलला. १९९० ते २००१ तो बंद ठेवून त्याचं टोक सुमारे पंचेचाळीस सेंटीमीटर मागे आणलं. पूर्ण सरळ केला नाही ते शहाणपणाचं, नाहीतर तिकीट काढून बघायचं काय? तिथे हिरवळीवर दोन-तीनशे माणसं हवेला धक्के मारत उभी असतात आणि समोर प्रत्येकाचा माणूस फोन घेऊन "थोडं डावीकडे" करत असतो. माझ्यासमोर कुणी नव्हतं. मी एका कोरियन मुलाला विनंती केली. त्याने अदबीने फोटो काढला. फोटोत मी सर्व ताकदीनिशी एका कचरापेटीला पडण्यापासून वाचवते आहे.

त्याच रात्री वाढदिवस होता. आमचा.

जेवणाला मला आठ जणांच्या टेबलावर बसवलं होतं: एक टेक्ससचं जोडपं, एक जर्मन जोडपं, तीन स्पॅनिश बहिणी आणि मी. पैठणी नेसले होते. सूप झालं, मासा झाला, आणि दिवे मंद झाले. स्वयंपाकघराच्या दारातून सहा वेटर टाळ्या वाजवत निघाले. पुढच्याच्या हातात केक, केकवर ३५ चा आकडा आणि फुलबाजी. ते गात गात आमच्याच टेबलाकडे येत होते, आणि जसजसे जवळ येत होते तसतसे माझ्या शेजारी दुसरं माणूस शोधत होते. त्यांच्या गाण्यात जोडप्याला उभं राहून एकमेकांना केक भरवायला सांगणारं एक कडवं होतं. त्या कडव्यापाशी ते अडकले. मी उभी राहिले. एकटीच. काहीतरी करायला हवं म्हणून मीच मला केक भरवला.

संपूर्ण सभागृह शांत. टेक्ससच्या बाईने माझा हात धरला. "किती वर्षं झाली?"

मला वाटलं, लग्नाला. "पस्तीस."

"अरे देवा. आणि आता ते... कुठे आहेत?" तिचा स्वर फार हळवा होता.

"डोंबिवली."

तिने डोळे मिटून मान हलवली, जणू ते तिकडे वर कुठेतरी असलेल्या एका शांत ठिकाणाचं नाव आहे. सकाळच्या ८:४० ची लोकल तिने पाहिलेली नाही. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात जर्मन गृहस्थ रडायला लागले, आणि रडणाऱ्या जर्मन माणसाला मधेच थांबवून "नाही हो, त्यांना बोट लागते" असं इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचेना.

दुसऱ्या दिवसापासून जहाज बदललं. बफेत मी चहाला उठले, परत आले, तर ताट जागेवर. शेजारी एक वेटर हात मागे बांधून राखणीला उभा. रोमच्या बसमध्ये सगळ्यात पुढची सीट मला. रोमबद्दल एवढंच सांगते की बंदरापासून ते सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब आहे, आणि एका दिवसात ते बघणं म्हणजे बसच्या काचेतून श्रीमुख-दर्शन. घाटकोपरचा चाळीस जणांचा एक ग्रुप होता, बरोबर त्यांचा स्वतःचा स्वयंपाकी महाराज. त्यांच्यातल्या एका बेननी येऊन माझ्या ओंजळीत थेपल्यांचं पुडकं ठेवलं आणि "हिंमत राखजो" म्हणाल्या. थेपले उत्तम होते.

मी गोव्याच्या मुलाला म्हटलं, आता सगळ्यांना खरं सांगून टाकते. तो उशीची खोळ चढवत होता. "नका सांगू, आंटी. सर्व्हिस बरी मिळते."

नेपल्सहून ह्यांना फोन लावला आणि झालेला प्रकार सांगितला. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे मी गेलोय असं सगळे समजतात." म्हटलं, हो. थोडा वेळ गेला. "बरं. हिंग सापडला. पण आता मेतकूट सापडत नाहीये."

मेतकूट माझ्याकडे होतं.

सातव्या दिवशी कुठेच थांबायचं नव्हतं, चारी बाजूंना समुद्र. आठवडाभर चीज आणि मलई खाऊन तोंडाची चव गेली होती. मी बफेतून वाडगाभर साधा भात घेतला, वर लोण्याची वडी, आणि मागच्या डेकवर कठड्यालगतचा कोपरा गाठला. पिशवीतून मेतकुटाचा स्टीलचा डबा काढला. झाकण घट्ट बसलेलं. नखाने निघेना, पदराने निघेना. मग डबा छातीशी घट्ट धरला, डोळे मिटले, दात-ओठ खाऊन जोर लावला.

झाकण निघालं ते आवाज करत. त्याच क्षणी वारा आला आणि पाव किलो मेतकुटातलं निम्मं पिवळा ढग होऊन कठड्यावरून भूमध्य समुद्रावर गेलं. मी हळहळून त्या ढगाकडे बघत राहिले. चांगलं घरचं मेतकूट होतं, जावेने दळून दिलेलं.

मागे कुणीतरी नाक ओढलं. वळले तर टेक्ससचे गृहस्थ टोपी काढून छातीशी धरून उभे. त्यांची बायको, जर्मन जोडपं, तिन्ही स्पॅनिश बहिणी, सगळे माना खाली घालून ओळीत. घाटकोपरच्या बेन हात जोडून. आणि एक पांढऱ्या गणवेशातला अधिकारी. तो पुढे आला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, अस्थींसाठी कंपनीची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. पण आम्ही काही पाहिलेलं नाही."

मी सांगणारच होते. अगदी ओठांवर आलं होतं. पण हाताला मेतकूट लागलं होतं, आणि साठ वर्षांची सवय. मी बोट चाटलं.

टेक्ससची बाई जी किंचाळली, ती मला अजून ऐकू येते.

त्यानंतर बार्सिलोना येईपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. संध्याकाळी मागच्या डेकचा सगळा कोपरा मला मोकळा मिळाला. सहा टेबलं, चोवीस खुर्च्या. एकटीने सूर्यास्त बघितला, भात संपवला. वसुलीच्या दृष्टीने बघितलं तर त्या एका संध्याकाळी ह्यांच्याबरोबर आणखी बावीस जणांचं भाडं निघालं असेल. उतरताना गोव्याच्या मुलाच्या हातात पाकीट ठेवलं. तो "देव बरें करूं" म्हणाला आणि अंकलना नमस्कार सांगितला. अंकल हयात आहेत असं धरून चालणारा तेवढाच एक.

घरी आल्यावर दोन दिवस जमीन हलत होती. ओट्याशी उभी राहिले की ओटा डोलायचा. मी ओट्याला धरून उभी आहे हे ह्यांनी पेपराआडून बघितलं.

"लागली का बोट?"

"छे."

तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे केले. दोन घास खाल्ले तेवढ्यात फोन वाजला. वहिनी होत्या. पिसा, रोम, केक असं सगळं सांगता सांगता पाऊण तास गेला. फोन ठेवल्यावर एकदम आठवलं, ताट! घाईघाईने टेबलाकडे आले.

ताट जागेवर होतं. ह्यांचंही.